गोठ्यातली रेसगाडी

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी आमची बावीस वर्षांची जुनी गाडी कासार आंबोलीतल्या एका म्हशीच्या गोठ्यात नेऊन उभी केली आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं, की मी हिची रेसची गाडी करणार आहे. तो म्हणाला, "बरं. येताना कोथिंबीर आण." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. कोथिंबीर मी आणली, पण गाडी गोठ्यातच ठेवून रिक्षानं घरी आले, तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

खरं तर हे सगळं त्याच्याच लाडक्या गाडीमुळे सुरू झालं होतं. मी हिंजवडीला एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून त्यांना नम्र भाषेत कळवायच्या, हे माझं काम. ऑफिसातल्या काही मंडळींनी एका रविवारी मला 'ट्रॅक डे'ला नेलं. मुठा खोऱ्यात एका मालकानं बंगल्यांची स्कीम काढली होती. मोठं गेट झालं, आतले डांबरी रस्ते झाले, मधोमध कारंजं झालं, आणि बंगले तेवढे झाले नाहीत. मग मालक रविवारी ती जागा हौशी लोकांना द्यायला लागला. एका वेळी एकच गाडी सोडायची, तिनं सगळ्या रस्त्यांना एक वळसा मारून परत यायचं, आणि किती वेळ लागला ते घड्याळात बघायचं. टक्कर नाही, धक्काबुक्की नाही. आपली लढाई आपल्याच आधीच्या वेळेशी.

मी आमची घरची मोठी गाडी घेऊन गेले होते. हेल्मेट उसनं मिळालं. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद लागले. माझा नंबर शेवटून दुसरा आला आणि शेवटचा जो होता त्याची गाडी सुरूच झाली नव्हती. पण कारंज्याच्या वळणावर गाडी अशी काय झोकांडली, की मी एकटीच मोठ्यांदा हसत सुटले. घरी आल्यावर कळलं, की डिकीतला दळणाचा डबा उपडा झालाय. पुढे महिनाभर त्या गाडीत बसणारा माणूस पांढरी पाठ घेऊन उतरायचा. नवऱ्यानं किल्ली कपाटात ठेवली आणि म्हणाला, "तुला पळवायचंच असेल तर ती म्हातारी घे."

म्हातारी म्हणजे आमची पहिली छोटी पांढरी गाडी. पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून होती. भंगारात द्यायचं दोन वर्षं चाललं होतं. शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांना मी माझा बेत सांगितला. एक हसला. दुसऱ्यानं "मॅडम, मुलगा कितवीला आहे?" असं विचारलं. त्याला वाटलं मुलासाठी विचारतेय.

शेवटी काकी आठवल्या. दरवर्षी आम्ही ज्यांच्याकडून इंद्रायणी तांदूळ आणतो, त्या कासार आंबोलीच्या काकी. वय सत्तरीच्या आसपास, आवाज शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत पोचणारा. पूर्वी त्यांच्याकडे सहा म्हशी होत्या, आता एकच उरली होती आणि अर्ध्याहून जास्त गोठा मोकळा होता. मी जागेचं विचारलं तर म्हणाल्या, "ठेव की. म्हशीला सोबत हुईल."

मिस्त्रीही काकींनीच बोलावला. पौड रस्त्याला त्याचं दुकान होतं. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. लहानखुरा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्यानं गाडीला दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "हिच्यानं काय वढायचंय?"

"काही ओढायचं नाही. पळवायचीय."

"कुटं?"

"गोल."

"गोल जाऊन कुटं जायचं?"

"परत तिथंच."

मिस्त्रीनं चाकावर हलकीच लाथ मारली. "मंग हितंच उभी हाय ती बरी न्हाई का?"

पण काम त्यानं घेतलं. पहिले दोन महिने शनिवारचे शनिवार त्यानं इंजिन उतरवून, उघडून, पुसून परत चढवण्यात घालवले. मी शेजारी बसून नट ताटलीत मोजून ठेवायचे. ताटली म्हशीनं दोनदा उलटवली. दुसऱ्या वेळी एक नट सापडलाच नाही. मिस्त्रीनं म्हशीकडे पाहिलं, म्हशीनं मिस्त्रीकडे पाहिलं, आणि तो दुकानातून दुसरा नट घेऊन आला.

इंजिन झाल्यावर माझा खरा कार्यक्रम सुरू झाला. मी जे काही वाचलं होतं, पाहिलं होतं, त्या सगळ्यांचं एकमत होतं, की गाडी पळवायची तर आधी वजन कमी करा. स्वतःच्या बाबतीत हा सल्ला मी वीस वर्षं टाळत आले होते, गाडीच्या बाबतीत मात्र एकदम मनावर घेतला. मागची सीट काढली. पुढची डावी सीट काढली. कार्पेट, त्याखालचा जाड नमदा, दारांची आतली पुठ्ठ्याची अस्तरं, एसी, टेप, स्पीकर, सगळं काढलं. काढलेल्या वस्तूंचा मी कोपऱ्यात ढीग करायचे आणि पुढच्या शनिवारी ढीग नसायचा.

मागची सीट काकींच्या पडवीत गेली. पट्ट्यांसकट. गावातले एक म्हातारे आजोबा तिथं चहाला आले की पट्टा लावूनच बसत, कारण पोलीस हल्ली फार धरतात असं त्यांनी ऐकलं होतं. कार्पेट कोंबड्यांच्या खुराड्यात गेलं. आतला आरसा न्हाणीच्या भिंतीला लागला. काकींचे यजमान तिथं दाढी करायचे आणि दाढी करता करता मागून कोण येतंय तेही त्यांना दिसायचं. त्यावर ते इतके खूष होते, की दोन वेळा दाढी करायला लागले.

एका शनिवारी मी मिस्त्रीला म्हटलं, "आता समोरचे काटे काढा. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, सगळे."

"वेगाचा ऱ्हाऊ द्या, म्याडम. वेग कसा कळंल?"

"वेग अंगाला कळतो, मिस्त्री."

हे मी कुठं तरी वाचलं होतं. तेव्हा फार रुबाबदार वाटलं. मिस्त्रीनं मुकाट्यानं काटा काढला. इंजिन तापल्याचा काटा मात्र त्यानं मला न विचारता ठेवला.

किती वजन उतरलं हे बघायला आम्ही रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गेलो, जिथं खडीचे डंपर तोलतात. कामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. काट्यावरच्या माणसाला पावतीवर माल काय ते लिहावं लागायचं. त्यानं आत डोकावून पाहिलं, मागं डोकावून पाहिलं आणि लिहिलं, 'हवा'. दोन पावत्यांमध्ये एकशे साठ किलोंचा फरक आला. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. चार दिवसांनी आंघोळ करताना माझ्या लक्षात आलं, की पहिल्या वेळी गाडीत मी बसले होते आणि दुसऱ्या वेळी मिस्त्री. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईनं स्वतःला गाडीचा भाग धरलं होतं. मी कोणालाही काही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

मग पिंजरा. गाडी उलटली तर डोकं शाबूत राहावं म्हणून आत लोखंडी पाइपांची चौकट लागते, त्याशिवाय असल्या मोकळ्या केलेल्या गाडीला आत सोडत नाहीत. मिस्त्री म्हणाला, त्याच्या ओळखीत वेल्डिंगचा एक कारागीर आहे, मुळशीतल्या निम्म्या बंगल्यांची गेटं त्यानंच केलीत. कारागीर आला, मापं घेऊन गेला आणि आठ दिवसांत चौकट बसवून मोकळा झाला. काम एकदम मजबूत. फक्त ड्रायव्हरच्या दाराशी दोन आडव्या पाइपांच्या मधे एक मोर होता. पिसारा फुलवलेला, पत्र्याचा, दोन्ही पाइपांना पक्का वेल्ड केलेला.

"हे काय?" मी फोन करून विचारलं.

"मोर, मॅडम. आपण प्रत्येक गेटला टाकतो. साधं बरं दिसत नाही."

दार उघडायचं, पण मोरामुळे माणूस आत जाऊ शकत नव्हता. डाव्या दाराशीही पाइपांची फुली होती. मी मिस्त्रीला कापायला सांगणार, तेवढ्यात काकी शेणाची पाटी घेऊन आल्या आणि मोर बघून जागीच थांबल्या. "काय सुरेख हाय! आन तू तोडतीस? मोर तोडत्यात व्हय?"

"काकी, मी आत कशी जाऊ?"

"खिडकी हाय की."

खिडकीतून जायचं म्हणजे आधी एक पाय, मग कंबर, मग डोकं आणि मग दुसरा पाय, असा क्रम मी मोबाइलवर पाहिला होता. त्यातली माणसं सडपातळ होती. मी आधी डोकं घातलं आणि कमरेपाशी अडकले. माझं तोंड सीटवर, पाय गोठ्यात. म्हैस हंबरली. काकींनी पाटी खाली ठेवली, माझ्या मागं येऊन दोन्ही हात लावले आणि ओरडल्या, "पोट आत घे की गं! घेतलंस का? ह्या!" मी आत पडले. गुडघ्याला मोराच्या चोचीचा ओरखडा उठला, तो अजून आहे. पुढे सरावानं मला अर्ध्या मिनिटात जमायला लागलं, पण हेल्मेट आधी आत टाकावं लागायचं.

गाडी तयार झाली. ट्रॅक डे दोन आठवड्यांवर आला. आणि शनिवारी मी गोठ्यात गेले तर मागच्या सीटच्या मोकळ्या खळग्यात काकींची लाल कोंबडी बसलेली. खाली अकरा अंडी.

"खुडूक झालीया," काकी म्हणाल्या. "एकवीस दीस उठायची न्हाई. आज चौथा."

मी बोटांवर हिशेब केला. ट्रॅक डेला कोंबडीचा एकोणिसावा दिवस येत होता. "काकी, तिला टोपलीत ठेवू या. टोपली गाडीशेजारीच ठेवू."

"बघ ठेवून."

आम्ही टोपलीत भुसा घातला, अंडी ठेवली, कोंबडी ठेवली. मिस्त्रीच्या हातावर तिनं तीन ठिकाणी चोच मारली. आम्ही चहा पिऊन आलो तर ती परत गाडीत जाऊन नुसत्या पत्र्यावर बसली होती आणि आमच्याकडे अशी बघत होती, की मीच अंडी टोपलीतून काढून निमूटपणे तिच्या पोटाखाली सरकवली. अकराच्या अकरा. शेवटच्या अंड्याला मलाही प्रसाद मिळाला.

काकींनी निकाल दिला. "गाडी पुढच्या म्हयन्यात पण पळंल. पिल्लं पुढच्या म्हयन्यात न्हाई व्हायची."

ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे या वेळी येऊ शकत नाही.' एकानं विचारलं, इंजिनचं का? मी लिहिलं, मागच्या भागात आहे.

ते दिवस गोठ्यात फार शांततेत गेले. इंजिन सुरू करायला काकींनी बंदी घातली होती. मिस्त्री तरी शनिवारी यायचाच. हातोडी चालत नव्हती म्हणून त्यानं बॉनेटखालचा एकेक भाग फडक्यानं पुसायला घेतला. इतका पुसला, की इंजिनात बघून कुंकू लावता आलं असतं. आम्ही कुजबुजत बोलायचो. "पाना द्या, म्याडम." "दहाचा की बाराचा?" "हळू." एकविसाव्या दिवशी काकींचा फोन आला आणि मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून गेले. नऊ पिल्लं. मिस्त्री आधीच येऊन खिडकीशी उभा होता. दोन अंडी फुटली नव्हती, त्यांचं त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यानं सगळी पिल्लं पुन्हा मोजली आणि मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढच्या ट्रॅक डेला आम्ही तिघं गेलो. गाडी आता रस्त्यावर चालवण्याजोगी राहिली नव्हती, म्हणून पिकअपवर चढवून नेली. "बघू तरी काय करतीस ते," म्हणून काकी नऊवारी नेसून पुढे बसल्या, मी त्यांच्या शेजारी, आणि मिस्त्री दोर धरून मागं. तिथं पोचल्यावर त्या कारंज्याच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. त्यांना रिकामं बसवत नाही, म्हणून पिशवीतून कापूस काढून देवाच्या वाती वळायला लागल्या.

गाडी तपासायला संयोजकांपैकी एक जण आला. पुण्यातला, दाढी कोरलेला, हातात यादी. पाइप हलवून पाहिले, पट्टे ओढून पाहिले. मग बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

"मोर."

"म्हणजे हा स्ट्रक्चरल आहे की डेकोरेटिव्ह?"

मागून मिस्त्री म्हणाला, "आधाराला हाय." संयोजकानं यादीवर खूण केली. मग मागं वाकला, एक लाल पीस उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खिशात ठेवलं.

माझा नंबर आला. झेंडा पडला आणि मी निघाले. काय सांगू! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळी गाडी गर्जत होती. चाकाखालचा एकेक खडा पत्र्यावर गोळीसारखा वाजत होता, पाइप घुमत होते, मोर थरथरत होता. मला वाटलं आता चाकं जमिनीला टेकतच नाहीयेत. कारंज्याच्या वळणावर मी दात आवळले आणि मनात घरच्या सगळ्यांचा निरोप घेतला. परत आले. मी हेल्मेट काढून विजयी चेहऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं.

दोन मिनिटं अकरा सेकंद.

घरच्या गाडीपेक्षा तेरा सेकंद जास्त. त्या गाडीत एसी होता, पाच सीटा होत्या आणि दळणाचा डबा होता.

काकी वाती घेऊन जवळ आल्या. "झाला का रस्ता बघून? आता पळवणार असशील."

"काकी, हेच पळवणं होतं! मी शंभरच्या पुढं होते!"

दाढीवाला संयोजक घसा साफ करत म्हणाला, "मॅडम, सरळ रस्त्यावर साधारण पंचेचाळीस होता. वळणावर पंधरा."

"पाठीमागनं मला वाटलं तू कुणाचं घर शोधतीयास," काकी म्हणाल्या.

मी मिस्त्रीकडे पाहिलं. वेगाचा काटा असता तर हे झालं नसतं, असं तो म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. तो म्हणाला नाही. त्यानं गाडीच्या तळाच्या पत्र्यावर बोटानं टकटक केली. "ह्यात काय ठिवलंय आपण? न्हाई कार्पेट, न्हाई नमदा. रिकामा डबा हाय. रिकाम्या डब्यात वाटाणा टाकला तरी भूकंप वाटतुया. तुमी गाडीला न्हाई, आवाजाला भ्यालाय." मग तो काकींकडे वळला. "काकी, जरा कापूस द्या."

काकींनी दोन वाती तोडल्या, चांगल्या मुठीएवढ्या कापसाचे बोळे केले आणि माझ्या कानांत बोटानं कोंबले. वर हेल्मेट. जग एकदम गप्प झालं. दुसऱ्या फेरीला मी निघाले तर गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटली, म्हणून पाय दाबला. आणखी दाबला. कारंजं एकदम समोर आलं. मी ब्रेक मारला, स्टिअरिंग फिरवलं, आणि काकी, कारंजं, डोंगर, परत काकी असं सगळं माझ्या काचेसमोरून गेलं. गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. मला इजा नव्हती, गाडीला इजा नव्हती, आणि समोर मोकळा रस्ता होता. मी गिअर टाकला आणि सुसाट निघाले.

बाजूला उभी असलेली माणसं हात हलवत होती. मी पण हात हलवला. काही जण पळत होते. एकानं झेंडा फेकला. काकी वाती सोडून उभ्या राहिल्या होत्या आणि दोन्ही हात वर करून काही तरी ओरडत होत्या. मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्यासाठी अशी ओरडत होती. मी अजून जोर केला आणि झेंड्याच्या रेषेवरून आरपार गेले. उलट्या बाजूनं.

गिरकीत गाडीचं तोंड फिरलं होतं आणि मी आल्या रस्त्यानं परत आले होते. संयोजक खिडकीशी येऊन बराच वेळ बोलत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी मान डोलावत राहिले. शेवटी मिस्त्रीनं आत हात घालून माझं हेल्मेट वर केलं आणि उजव्या कानातला बोळा काढला, तेव्हा एवढंच वाक्य ऐकू आलं, "...आणि म्हणून फक्त एक शेवटची संधी देतोय."

बोळा परत घालून तिसऱ्या फेरीत मी कारंज्यापाशी लवकर ब्रेक धरला, वळण आतल्या बाजूनं घेतलं आणि बाहेर पडताना पाय पूर्ण दाबला. म्हातारी ढुंगण हलवत सरळ झाली आणि धावली. मी हसत होते की रडत होते ते कापसामुळे मलाच ऐकू आलं नाही. एक मिनिट चोपन्न सेकंद. दळणाच्या डब्यापेक्षा चार सेकंद कमी. माझ्या खाली तीन जण होते आणि त्यांच्यातल्या दोघांच्या गाड्या सुरूही होत्या. मी खिडकीतून बाहेर आले आणि मिस्त्रीचे दोन्ही हात धरून हलवत राहिले. तो संकोचानं म्हणाला, "पुढं बघू. अजून वढती हाय ती." काकी म्हणाल्या, "आता जरा बरी पळवलीस. पर त्या उलट्या बारीला लई जोरात गेल्तीस."

परत निघताना पिकअपच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हर, काकी आणि मिस्त्री बसले. चौथ्या माणसाला जागा नव्हती. काकी म्हणाल्या, "तुझ्या गाडीत बस की, तिला काय झालंय?" म्हणून मी मागं दोरांनी बांधलेल्या गाडीत, खिडकीतून चढून, पट्टा लावून बसले. माझ्या डोळ्यांसमोर पिकअपचं छत आणि त्यापलीकडं सगळं खोरं. रस्ता वळला की मी स्टिअरिंग वळवत होते. चढ आला की गिअर बदलत होते. एका उतारावर मागून दुचाकीवर एक जोडपं आलं, त्यातल्या बाईनं वर माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून मला दाखवलं, आणि तो ओरडला, "बाई, गाडी टेम्पोवर हाय!"

"माहिताय!" मी ओरडले, आणि त्यांना पुढं जाऊ द्यायला जरा डावीकडं घेतली.